इथेनॉलमिश्रित पेट्रोल

मोटारींच्या एंजिनांसाठी पेट्रोलमध्ये निर्जल इथेनॉल मिसळून सिद्ध केलेले इंधन. इथेनॉलचा ऑक्टेन अंक सु. १०८ असून त्याच्या बाष्पीभवनाने सिलिंडरमधील मिश्रण थंड होत असल्यामुळे, संपीडनाने इंधन आपोआप पेटून एंजिनात ठोके बसण्याची प्रवृत्ती घटते. तथापि ज्या एंजिनाचे संपीडन गुणोत्तर व प्रज्वलनाची वेळ या गुणास अनुरूप नसतात, त्याची शक्ती केवळ उच्च ऑक्टेनाच्या इंधनाने वाढत नाही. दर लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सु. दोन-तृतीयांश असल्याने २० टक्के मिश्रणात ऊर्जा सु. ७ टक्क्यांनी उणावते. शिवाय इथेनॉल जलशोषक असून जुन्या गाड्यांतील रबरी भागांस त्यापासून अपाय संभवतो. म्हणून निर्मात्याने मुक्रर केलेलेच इंधन वापरणे इष्ट होय.