लाइन

लाइन : नित्याच्या वापरातील एक बहुअर्थी इंग्रजी शब्द. त्याचे मूळ जवसाच्या रोपात आहे. लॅटिनमध्ये जवसास ‘लिनुम’ म्हणत व त्याच्या तंतूंच्या दोऱ्यास ‘लिनेआ’. हा शब्द प्राचीन काळीच जर्मानिक भाषांद्वारे इंग्रजीत आला, तो मुख्यतः ‘दोर’ या अर्थाने. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर त्याचेच फ्रेंच रूप ‘रेषा’, ‘रांग’, ‘वंश’ असे अर्थ घेऊन त्यात मिसळले. कपड्याच्या अस्तरास ‘लाइनिंग’ म्हणतात, कारण अस्तरासाठी जवसाच्या धाग्याचे कापड, म्हणजे लिनन, वापरीत.

ताणलेल्या दोरीने सरळ रेघ आखणे ही गवंड्या-सुतारांची जुनी रीत होय. संस्कृतातील ‘सूत्र’ शब्दाचा प्रवासही असाच धाग्यापासून नियमापर्यंत झाला. ‘सुतार’ हा शब्द मापाचे सूत धरणारा ‘सूत्रधार’ यापासूनच आला आहे.

मराठीने मात्र हा शब्द एकदाच घेतला नाही. लष्करी व सरकारी वस्त्यांमधून ‘पोलीस लाइन’, नागपूरचे ‘सिव्हिल लाइन्स’ अशी नावे आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्यावर लाइन म्हणजे लोहमार्ग झाला. कोल्हापूरला तो मिरजेवरून १८९१ मध्ये पोहोचला. पुढे विजेच्या तारांनाही हेच नाव मिळाले. ‘लाइन गेली’ म्हणजे वीज गेली, हा अर्थ इंग्रजाला सहसा उमगणार नाही. म्हणूनच लाइन या शब्दास एकच मराठी प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे. मार्ग, वाहिनी, रांग, ओळ हे शब्द आपापल्या जागीच चालतात. मराठीत लाइन स्त्रीलिंगी झाली, ती बहुधा रेघ, ओळ, रांग, दोरी या स्त्रीलिंगी शब्दांच्या सहवासाने.

‘लेन’ या शब्दाशी त्याची गल्लत करू नये. छत्रपती राजाराम महाराजांचे (कार. १९२२–४०) नाव धारण करणाऱ्या कोल्हापुरातील राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत, ‘पाचवी गल्ली’ इंग्रजी पत्त्यात ‘फिफ्थ लेन’ होते. हा ‘लेन’ अरुंद वाटेस लावला जाणारा मूळचाच जर्मानिक शब्द असून त्याचा जवसाच्या दोऱ्याशी काही संबंध नाही.