साडेअकरा पौंड आणि दहा वर्षं : बडोद्याच्या तीन नेमणुका

गेल्या दिवाळीत माझा भाचा लॅपटॉप काखोटीला मारून आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आला. फराळाला हात न लावता म्हणाला, "मामा, हे वाच आणि जाऊ की नको ते सांग." जर्मनीतल्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं नेमणूकपत्र होतं. पगार वर्षाचा, युरोत. त्याने तो आधीच रुपयांत करून ठेवला होता आणि त्या आकड्याने घरातले सगळे हुरळून गेले होते. एकटी माझी बहीण गप्प होती.

मी कधी परदेशात नोकरी केलेली नाही. त्याला काय सांगणार? पण बडोद्याचे जुने कागद वाचण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, आणि 'दूर गावाहून नोकरीचं बोलावणं आलं, जाऊ की नको' हा प्रश्न तर या शहराच्या हाडीमांसी आहे. आपण बडोदेकर मराठी मंडळी इथे आलो तेच कुणीतरी पूर्वी अशा बोलावण्याला 'हो' म्हणालं म्हणून. तेव्हा मी त्याला तीन माणसांच्या नेमणुका सांगितल्या. मंडळाच्या बैठकीत त्यावर बोललो, तेच इथे लिहून काढतो आहे.

पहिली नेमणूक अरविंद घोषांची. बोलणी लंडनला झाली. अरविंदबाबू केंब्रिजला शिकलेले, आय.सी.एस.ची लेखी परीक्षा पास झालेले, पण घोडेस्वारीच्या परीक्षेत राहिलेले. सयाजीराव महाराज तेव्हा विलायतेत होते. थोरले बंधू आणि जेम्स कॉटन नावाचे स्नेही या दोघांनी पगाराचं बोलणं केलं आणि महिना दोनशे रुपये हा आकडा त्यांना चांगला वाटला. अरविंदबाबूंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की व्यवहार आम्हाला काही कळत नव्हता, आणि आय.सी.एस.च्या तोलाचा माणूस दोनशेत मिळाला म्हणून महाराज लोकांना सांगत असत. १८९३ च्या फेब्रुवारीत ते बडोद्याला रुजू झाले आणि तेरा वर्षं इथे राहिले. आधी सर्व्हे-सेटलमेंट खातं, मग महसूल, मग कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी. १९०६ मध्ये इथला चढलेला पगार सोडून कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात ते कितीतरी कमी पगारावर गेले.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, की तुझा बाजारभाव तुला माहीत नसला तर समोरचा तो सांगत बसणार नाही. तिथे तुझ्या कामाला काय देतात हे तिथल्याच चार जणांना विचार. रुपयांत गुणाकार करून काही कळायचं नाही.

दुसरी नेमणूक उलट्या दिशेची, म्हणजे परदेशातून बडोद्याला आलेल्या माणसाची. १९१० मध्ये महाराज अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक वाचनालयं त्यांनी पाहिली आणि विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा हा माणूस जेमतेम तीन वर्षं इथे होता. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणाचा वर्ग निघाला आणि गावोगावच्या वाचनालयांची घडी बसली. १९१३ मध्ये बॉर्डनसाहेब परत गेले. मांडवीकडच्या आपल्या ग्रंथालयात आजही आपण पुस्तक काढतो, त्याची सुरुवात या तीन वर्षांतली. यावर भाचा म्हणाला, "म्हणजे तीन वर्षांनी परत यायचं ठरवून गेलं तर त्यात कमीपणा नाही ना?" मी म्हटलं, नाही. मात्र मुदत मनाशी तरी ठरलेली असावी.

तिसरी नेमणूक मी मुद्दाम शेवटी ठेवली. भीमराव आंबेडकर बी.ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत आले. वडिलांचा, रामजींचा, याला विरोध होता. बडोद्यात जातीचे चटके बसतील अशी त्यांना भीती होती. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारीला रामजी गेले. त्यानंतर महाराजांनी अमेरिकेत शिकण्याची सोय केली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी.

हा हिशेब मी भाच्यासमोर कागदावर मांडला. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे महिना सुमारे एकशे बहात्तर रुपये. छत्तीस महिन्यांचे चारशे चौदा पौंड, म्हणजे सहा हजार दोनशे दहा रुपये. त्याच्या बदल्यात आयुष्याची दहा वर्षं. करार महाग की स्वस्त? पैशात पाहिलं तर महाग म्हणता येईल. पण त्या काळी एका अस्पृश्य मुलाला कोलंबिया विद्यापीठाचं दार दुसरं कोण उघडून देणार होतं? त्यांनी सही केली, आणि माझ्या मते बरोबर केलं.

खरी गोम पुढे आहे. मुदत संपली, लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तकं महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली. त्या सामानाच्या भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यातले काही घरी देऊन उरलेल्या पैशांत ते बडोद्याला आले, असं चरित्रकार धनंजय कीर सांगतात. महालेखापालांच्या कचेरीत उमेदवार म्हणून नेमणूक झाली. पद होतं, परदेशी पदवी होती, महाराजांचा आशीर्वाद होता. राहायला जागा तेवढी नव्हती. अमेरिकेपासूनच्या ओळखीच्या मित्रांनीही अडचणी सांगितल्या. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला, तो एका फायलीतून दुसऱ्या फायलीत फिरत राहिला. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात आली. धर्मशाळा सोडून ते कामाठी बागेत, म्हणजे आपल्या सयाजीबागेत, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत बसले. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत संपल्यात जमा झाला.

मी हे सांगत असताना घरात कुणी बोललं नाही. सयाजीबागेत आम्ही सगळे लहानपणी छोट्या आगगाडीत बसलेलो. त्याच बागेत तो माणूस बसला होता आणि त्याला जागा न देणाऱ्यांत आपल्याच जातीपातीचे लोक होते, हे बडोदेकरांनी विसरू नये.

माझा भाचा काही तशा परिस्थितीतून जाणार नाही, तुलना करणंसुद्धा बरोबर नाही. पण नेमणूकपत्र कसं वाचावं हे मला त्या प्रसंगाने शिकवलं. पगाराच्या ओळीच्या आधी डोक्यावरच्या छपराची ओळ शोधावी. रामजींना धोका दिसत होता, कारण ते पोराकडे बघत होते. आमच्याकडे माझी बहीण गप्प होती, तिला मी विचारलं. ती म्हणाली, "पहिल्या महिन्यात हा राहणार कुठे, ते त्या पत्रात आहे का?"

नव्हतं. सहा महिने उमेदवारीचे होते, तेवढ्यात नोकरी गेली तर परतीचं काय, हेही नव्हतं. कर आणि विमा कापून हातात किती येणार हे भाच्याने पाहिलंच नव्हतं. तिकडे घरभाडं सांगतात ते पुष्कळदा घर गरम ठेवण्याचा खर्च सोडून, हे त्याला एका मित्राकडून नंतर कळलं. त्याने कंपनीला तीन प्रश्न लिहून पाठवले. पहिले तीन महिने राहण्याची सोय करू, असं लेखी उत्तर आलं. परतीच्या भाड्याला त्यांनी नकार दिला. ते पैसे बहिणीने त्याच्या नावावर वेगळे काढून ठेवले आणि एप्रिलमध्ये तो गेला. तीन वर्षं म्हणून गेला आहे, बघू.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गायकवाड सरकारचे नेमणुकीचे हुकूम, पगाराचे दाखले, बदलीची पत्रं ट्रंकेत पडून असतील. रद्दीत घालू नका. मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या, फोटो काढून लगेच परत देऊ. पगाराचा आकडा तर बघूच, पण आपले आजे-पणजे इथे आल्यावर पहिल्या रात्री कुठे झोपले, हे कुणाच्या कागदात असेल तर मला ते आधी वाचायचं आहे.