उंच बॉनेटची जीप

सध्या आमच्या ऑफिसात जिपांची साथ आलीये. बोनस हातात पडला की निम्मे लोक चकचकीत एसयूव्हीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन येतात आणि तिच्या सनरूफबद्दल आठवडाभर कॅन्टीनमध्ये बोलत बसतात. उरलेल्यांत एखादा 'अस्सल' गडी असतो. त्याला पाहिजे असते वॉरवाली विलीज! मग जाहिराती शोधणं सुरू. 'वॉर मॉडेल, १९४२, ओरिजिनल कंडिशन.' फोटोत ऑलिव्ह ग्रीन रंग, बॉनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन. आणि ते बॉनेट मडगार्डच्या वर चांगलं वीतभर उठलेलं.

मंडळी, हे उठलेलं बॉनेट दिसलं की समजायचं, ही गाडी दुसऱ्या महायुद्धात नव्हती. असूच शकत नाही. या बॉनेटचा जन्मच १९५३ चा!

कसं ते जरा विस्ताराने सांगतो, कारण गोष्ट भन्नाट आहे.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना विचारणा केली. चारही चाकांना ताकद मिळेल अशी हलकी गाडी हवी, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. (आमच्या क्लायंटच्या डेडलाइन्स यापुढे प्रेमळ वाटतात.) खरोखर पुढे आल्या दोनच कंपन्या, बँटम आणि विलीज-ओव्हरलँड. बँटम ही बुडत चाललेली छोटीशी कंपनी. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला गाठलं, त्याने एकदोन दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी वेळेत हजर! पण एवढीशी कंपनी मोठी ऑर्डर काय पुरी करणार, म्हणून सैन्याने तेच आराखडे विलीज आणि फोर्डला देऊन टाकले. युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांवर जिपा बनवल्या आणि बँटमच्या वाट्याला जीपमागे लावायचे ट्रेलर आले. बिच्चारी बँटम.

विलीज जिंकली ती इंजिनावर. त्यांच्या बार्नी रूसने २.२ लिटरचं इंजिन घासूनपुसून ६० हॉर्सपॉवरपर्यंत आणलं होतं. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच, त्यामुळे इंजिन बुटकं. म्हणून युद्धातली जीप बसक्या बॉनेटची.

युद्धानंतर ताकद वाढवायची ठरली. त्याच ब्लॉकवर इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट खालीच ठेवले. हे 'हरिकेन' इंजिन. ६० चे ७५ हॉर्सपॉवर झाले, पण इंजिनाची उंची वाढली आणि जुनं बॉनेट काही बसेना. मग विलीजने काय करावं? बॉनेट आणि समोरची जाळी सरळ वर उचलली. बाकी गाडी जवळपास तशीच! हीच सीजे-३बी. त्यात सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही, निव्वळ पॅच आहे हो. 'आत्ता चालवून घेऊ, पुढच्या रिलीजला नीट करू' या जातीचा. अमेरिकेत त्यांनी १९५४ ला सीजे-५ आणून ते नीट केलंही, आणि १९६८ ला ३बी बंद केली.

आपल्याकडे तो पॅच २०१० पर्यंत प्रॉडक्शनमध्ये होता.

महिंद्राची कंपनी सुरू झाली २ ऑक्टोबर १९४५ ला, 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने, पोलादाच्या व्यापारासाठी. यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ ला कंपनीचं नाव बदललं आणि १९४९ ला मुंबईत माझगावला अमेरिकेतून आलेल्या सुट्या भागांच्या जिपा जोडायला सुरुवात झाली.

बाय द वे, जुनी जीप घेताना फसलेले आपण पहिले नाही. १९४८ ला काश्मीरच्या लढाईसाठी आपल्या सरकारने लंडनमधून जुन्या, दुरुस्त केलेल्या जिपांचा ८० लाखांचा करार केला. लंडनला हायकमिशनर होते कृष्ण मेनन. आल्या फक्त १५५, आणि त्याही कामाच्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणतात तो हाच! असो.

मुद्दा असा की ती उंच बॉनेटची गाडी इकडे आली आणि इथलीच झाली. परकीय चलनाची टंचाई, लायसन्स राज, त्यामुळे नवी डाय आणायची म्हणजे दिल्लीच्या खेपा. स्पर्धा नावालाच. मग चेहरा बदलायचाच कशाला? बदललं ते पोटातलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणारं हरिकेन परवडेना. महिंद्राची ट्रॅक्टरची कंपनी १९६३ पासून होतीच, तेव्हा ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. १९७९ ला फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला आणि पुढे त्यांचं २.१ लिटरचं डिझेल. हरिकेनसाठी उचललेल्या बॉनेटखाली ही डिझेलंही मावली. तात्पुरत्या पॅचने एवढी वर्षं साथ दिलेली मी तरी दुसरी बघितली नाहीये :-)

युद्धाचंच वेड असेल, तर जीपने आपलं युद्धही बघितलंय की. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. पंजाबातल्या उसाच्या शेतातली ही गोष्ट सोडून आपण नॉर्मंडीचा तारा कशाला चिकटवायचा, हे मला खरंच कळत नाही.

आणि युद्धापेक्षा मोठी कामं तिने नुसती रस्त्यावर केली. तहसीलदाराची जीप, फॉरेस्टची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसरची जीप, कर्णा लावून 'ताई माई अक्का' करत फिरणारी प्रचाराची जीप. आमच्या सातारा साईडला तिच्या लांब भावंडांचं वडाप झालं, मागे लटकलेल्यांसकट पंधरा-सोळा माणसं. लग्नाचं वऱ्हाड आणि अडलेली बाळंतीण, दोघांनाही तीच.

गेल्या महिन्यात हे सगळं एका मित्रामुळे आठवलं. त्याने १९६७ ची ३बी घेतली, अर्थातच तारा वगैरे लावलेली. आम्ही ती पुण्याबाहेरच्या एका गॅरेजात नेली.

"काका, हिला पूर्ण ओरिजिनल करायचीये. हे डिझेल काढून टाकू."

काकांनी हात पुसले, आरसी मागितली, चॅसिस नंबर ताडून बघितला. मग म्हणाले, "साहेब, ओरिजिनल म्हंजे कुठलं? अमेरिकेतलं का कांदिवलीचं? का हे वीस-पंचवीस वर्षं चाललंय ते?"

मित्र गप्प. मीपण.

प्रश्न नुसता तत्त्वाचा नाहीये, त्यात पैसे अडकलेत. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' नंबरवर नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २० हजार. पण अट अशी की चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे आपल्या रस्त्यांवर टिकायला जिने इंजिन बदललं, ती कायद्याच्या लेखी अस्सल नाही! शिवाय व्हिंटेज नंबरवर रोजची गाडी म्हणून वापरायचीही बंदी. इंजिन पुन्हा बदलायचं तर आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, आणि हरिकेनचे पार्ट शोधत वणवण.

माझं मत विचाराल तर डिझेल राहू द्यावं. ब्रेक, पाटे, स्टिअरिंग, वायरिंग नवं करा, गंजलेला पत्रा कापून टिनकाम करा, पण तिचा बायोडेटा खोडू नका. मित्र अजून पन्नास-पन्नास आहे. त्याला पेट्रोल इंजिनाचा आवाज आवडतो, आणि तो आवाज मस्त असतो हे मलाही मान्य.

एका बाबतीत मात्र वादच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १२१: संरक्षण खात्याशिवाय कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग चालत नाही. त्यामुळे रंग जातोय, आणि रंगाबरोबर ताराही. येत्या रविवारी घासायला घेतोय. पॉलिश पेपर मी आणतोय, वडापाव त्याच्याकडून.