प्लगवरची काजळी आणि रॉकेलचा इतिहास

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, पण किनाऱ्यावरच्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. होडीचं मशीन भर समुद्रात बंद पडलं की आपण म्हणतो, "प्लग गेला." माझं म्हणणं असं की, त्या प्लगवरची काजळी हा आपल्या मासेमारीचा अर्धा इतिहासच आहे.

ठिणगीने इंजिन पेटवण्याची कल्पना जुनी. १८६० मध्ये लेन्वारने आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यातल्या होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणला आणि स्पार्क प्लग भरवशाचा झाला. बॅटरीची गरज नाही, चाक फिरवलं की ठिणगी. पुढे १९०९ मध्ये अमेरिकेत ओले एव्हिनरूड होडीच्या मागे टांगायचं मशीन विकू लागला. हा गडी मूळचा नॉर्वेचा.

गंमत बघा, भारतात मासेमारीच्या यांत्रिकीकरणालाही नॉर्वेची मदत झाली. १९५३ मध्ये केरळात कोल्लमजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. पण तिथे भर होता तो बोटीच्या पोटात बसवायच्या डिझेल इंजिनावर. डिझेलला प्लग लागतच नाही, हवा दाबूनच ते पेटतं. फायदा मोठ्या बोटींना झाला. वाळूवर ओढून ठेवायच्या छोट्या होडीच्या वाट्याला मागे टांगायचं मशीन आलं ते फार उशिरा. केरळात १९८० च्या दशकात त्याचा झपाट्याने प्रसार झाला, आणि ते चाललं स्वस्त रॉकेलवर.

इथेच प्लगचं दुखणं सुरू होतं. थंड इंजिनात रॉकेलची नीट वाफ होत नाही. म्हणून पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायचं. पेट्रोल वाचवायला हे टाळलं, किंवा जाळ्यामागे तासन्‌तास हळू चालवलं, की प्लगवर काजळी धरते आणि ठिणगी मरते.

मग सरकारी धोरण बदललं. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा दर थोडा थोडा वाढवत नेला. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अनुदानाची तरतूदच उरली नाही. चुलीला गॅस आला, ठीक आहे. पण होडीच्या मशीनला काय आलं? ज्याला परवडत नाही तो मिळेल ते तेल टाकतो, जुनाच प्लग घासून परत लावतो. वारा जमिनीवरून समुद्राकडे असेल तर बंद मशीनची होडी किनाऱ्यावर येत नाही, आत जाते. प्लगची किंमत ती काय, आणि जिवाची काय?

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर प्लग काढून बघायची सवय लावा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं, कोरडं असेल तर इंधन जास्त किंवा चाल फार मंद. ओलं, तेलकट असेल तर ठिणगी पडत नाही किंवा ऑइल जास्त झालंय. पांढरंफटक, फोड आलेलं असेल तर इंजिन तापतंय, आधी थंड पाण्याची धार बघा. दोन सिलिंडरचं मशीन असेल तर दोन्ही प्लग अदलाबदल करा. बिघाड प्लगसोबत गेला तर प्लग खराब, तिथेच राहिला तर वायर किंवा कॉइल तपासा. टोपीतला खारा ओलावा पुसा. सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगी तपासू नका.

आणि होडीत नवे प्लग आणि पाना कोरड्या डब्यात ठेवाच.

शेवटचं. पुढच्या ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत इंधनाचा विषय निघाला की डिझेलच्या परताव्यावरच थांबू नका. प्लगवर चालणाऱ्या छोट्या होडीचं काय, हेही विचारा. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, कमेंटमध्ये लिहा.