सगळ्यात महाग गाडी कोणती? जी चाललीच नाही ती!

आजच्या एपिसोडची सुरुवात माझ्या लहानपणापासून करतो. सांगलीला मामाच्या घरी कॉम्प्युटर आला आणि त्यावर ‘नीड फॉर स्पीड 2’ हा गेम आला. त्यात एक गाडी होती, मॅक्लारेन एफ वन. आम्ही भावंडं तिच्यासाठी अक्षरशः भांडायचो. पुढे मोठा झालो, तिचा खरा इतिहास वाचला, आणि कळलं की भांडण आमच्यातच नव्हतं. या गाडीवरून अख्ख्या बाजारात भांडण आहे: अशी गाडी चालवायची, की जपायची?

गोष्ट सुरू होते 1988 मध्ये, इटलीत. त्या वर्षी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन टीमने 16 पैकी 15 शर्यती जिंकल्या. एकच हातची गेली, ती इटलीतली. ती शर्यत हरून टीमची मोठी माणसं मिलानच्या विमानतळावर बसली होती आणि विमानाला उशीर झाला होता. वेळ घालवायला गप्पा सुरू झाल्या आणि त्यातून विषय निघाला, की रस्त्यावर चालणारी जगातली सर्वोत्तम गाडी आपण बनवली तर?

डिझाइनची जबाबदारी होती गॉर्डन मरे यांच्याकडे. जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, आणि डोक्यात एकच वेड: वजन कमी करायचं. गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा. वजन सव्वाअकराशे किलोच्या आसपास. ड्रायव्हरची सीट बरोब्बर मधोमध, आणि दोन्ही बाजूंना थोडं मागे एकेक प्रवासी. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. इंजिन बीएमडब्ल्यूने खास बनवलेलं, 12 सिलिंडरचं. त्याची उष्णता परतवायला इंजिनभोवती चक्क सोन्याचा पातळ पत्रा! 1998 मध्ये या गाडीने ताशी 386 किलोमीटरचा वेग गाठला.

आता पैशांकडे येऊ. नवी गाडी सुमारे 5 लाख 40 हजार पौंडांना होती. कंपनीने 300 गाड्या विकायचं ठरवलं होतं, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी आली. 1998 पर्यंत रेसिंगच्या आणि चाचणीच्या गाड्या धरून फक्त 106 बनल्या. त्यातल्या रस्त्यासाठीच्या साध्या गाड्या 64. म्हणजे आज जी गाडी ‘दुर्मिळ’ म्हणून मिरवते, ती तेव्हा पुरेशी खपलीच नव्हती.

मग लिलावांचे आकडे बघा. 2008 मध्ये लंडनला एक गाडी 25 लाख 30 हजार पौंडांना गेली. 2013 मध्ये कॅलिफोर्नियात 84 लाख 70 हजार डॉलर. 2017 मध्ये 1 कोटी 56 लाख 20 हजार. आणि 2021 मध्ये 2 कोटी 4 लाख 65 हजार डॉलर! ही शेवटची गाडी 1995 ची. 26 वर्षांत ती चारशे किलोमीटरसुद्धा चालली नव्हती. पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत यायचं म्हटलं तरी याहून जास्त होतं!

बरं, गाडी उभी ठेवली म्हणजे खर्च थांबतो का? अजिबात नाही. इंधनाची टाकी विमानातल्यासारखी, रबरी पिशवीची. ती दर पाच वर्षांनी बदलायची, आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढायचं. गाडी एक किलोमीटरही चालली नसली तरी! गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायला कंपनीकडे नव्वदच्या दशकातले कॉम्पॅक लॅपटॉप होते, आणि 2016 मध्येही ते जपून वापरले जात होते. कारण त्यात बसणारं खास कार्ड दुसऱ्या लॅपटॉपवर चालायचंच नाही.

आता या गोष्टीतला माझा आवडता माणूस: रोवन अॅटकिन्सन. आपला मिस्टर बीन! त्याने 1997 मध्ये ही गाडी सुमारे 6 लाख 40 हजार पौंडांना घेतली आणि मनसोक्त चालवली. बाजारहाटाला नेली, मुलांना शाळेत सोडायला नेली. 1999 मध्ये एका छोट्या गाडीला मागून धडकला. 2011 मध्ये तर गाडी घसरून झाडावर आदळली. दुरुस्तीला वर्षाहून जास्त वेळ गेला आणि विमा कंपनीने 9 लाख 10 हजार पौंड भरले. ब्रिटनमध्ये गाडीच्या दुरुस्तीसाठी इतके पैसे तोवर दिले गेले नव्हते.

इथे जरा थांबा. विमा कंपनीने एवढे पैसे का दिले? दयेपोटी नाही. गाडीची बाजारातली किंमत दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त झाली होती, म्हणून. किंमत कमी असती तर तीच गाडी भंगारात गेली असती. म्हणजे ज्या किमतीमुळे बाकीचे मालक गाडी गॅरेजबाहेर काढायला घाबरतात, त्याच किमतीने ही गाडी वाचवली.

2015 मध्ये त्याने ती विकली. 41 हजार मैल चाललेली, दोनदा ठोकलेली गाडी. मिळाले किती? सुमारे 80 लाख पौंड. खरेदीच्या बारा पटींहून जास्त.

यावरून ‘चला, महागड्या गाड्या घ्या, पैसे वाढतात’ असा निष्कर्ष काढू नका, बरं का. त्या काळात घेतलेल्या कितीतरी महागड्या गाड्यांची किंमत नुसती उतरत गेली. इथे संख्या कमी होती, गाडी अस्सल होती, आणि लहानपणी तिच्यासाठी भांडलेली पिढी आता कमावती झाली होती. हे सगळं जुळून येतं क्वचित.

पण मला विचाराल, तर दोन कोटी डॉलरच्या त्या गाडीपेक्षा मिस्टर बीनची गाडी जास्त श्रीमंत वाटते. आमच्या घरी टीव्ही बिघडला, विकला गेला, पण रिमोटवरचं प्लास्टिक शेवटपर्यंत निघालं नाही. रिमोट मात्र आजही नवाकोरा आहे! तुमच्या घरी आहे का अशी एखादी वस्तू, जपता जपता वापरायचीच राहून गेलेली? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!