कळसावरची प्रगती आणि रुळावरचा कापूस

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लेखन मुंबईकराच्या नजरेतून झालेले आहे. आम्ही ही वास्तू यवतमाळहून पाहू इच्छितो. कारण तिचा एक पाया वऱ्हाडातील काळ्या मातीत आहे, अशी आमची धारणा आहे.

१८५३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि मे महिन्यात निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, वऱ्हाडात तो पिकत होता आणि मधले अंतर तोडण्यासाठी लोहमार्ग हवा होता. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) ही निकड तीव्र केली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. तोट्याचा भार अर्थातच येथील रयतेवर होता.

अशा कंपनीने १८७८ ते १८८८ या काळात आपले मुख्यालय व स्थानक उभारले. वास्तुशिल्पी होते फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. व्हिक्टोरियन गॉथिक शैलीच्या टोकदार कमानी आणि भारतीय राजवाड्यांची आठवण देणारे मनोरे यांचा मेळ त्यांनी घातला. पाने, पक्षी, प्राणी यांचे कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केले. प्रवेशद्वारी ब्रिटनचा सिंह व हिंदुस्थानचा वाघ बसले. दर्शनी भागाच्या त्रिकोणी माथ्यांवर शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या प्रतीकमूर्ती आल्या आणि घुमटावर हाती मशाल घेतलेली 'प्रगती' उभी राहिली. शेतीला तेथे स्थान मिळाले, ते दगडी प्रतीक म्हणून. शेतकरी मात्र त्या शिल्पात नाही.

यवतमाळच्या वाट्याला काय आले? किलिक निक्सन यांच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा अडीच फुटी अरुंद मार्ग. यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूर, पुढे अचलपूर. लोकांनी या गाडीला 'शकुंतला' असे नाव दिले. तिच्या स्थानकांना ना घुमट, ना मूर्ती. मूर्तिजापूरला मुख्य मार्ग रुंद असल्यामुळे कापसाच्या गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवाव्या लागत. भव्य स्थानकाची खरी पायरी आम्हांस येथे, हमालांच्या पाठीवर दिसते.

१९५१ मध्ये जी.आय.पी. मध्य रेल्वेत विलीन झाली. शकुंतलेचा मार्ग मात्र खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला. १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. कापूस ज्या शहराकडे जायचा, त्याच शहराचे इंजिन तो ओढत होते! आता ती गाडी थांबली आहे. २००४ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या वास्तूला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ती योग्यच होती. पण वारसा म्हणजे केवळ डोळ्यांत भरणारी वास्तू, असा अर्थ आपण घेतला तर तिला पोसणारे मार्ग स्मरणातून निसटतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा सुरू झाला. नवा मार्ग येवो. त्याचे स्वागतच आहे. मात्र जुना रूळ निव्वळ भंगार म्हणून मोजला जाऊ नये. मुंबईतील घुमटाचा इतिहास त्या रुळावाचून अर्धाच वाचला जाईल. उरलेला अर्धा वाचण्याची जबाबदारी आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकांचीच आहे.