तळटीप : मायाकोव्हस्काया स्थानक

* मॉस्को मेट्रोचे हे स्थानक ११ सप्टेंबर १९३८ रोजी सुरू झाले. नाव कवी व्लादिमिर मायाकोव्हस्कींचे. सुमारे ३३ मीटर खोल उतरूनही लेखकाला येथे मोकळे वाटले, याचे श्रेय वास्तुकार अलेक्सेई दुश्किन यांना द्यायला हवे. एवढ्या खोलीवर मातीचा भार पेलण्यासाठी तोवर जाडजूड भिंतवजा खांब बांधत. दुश्किन यांनी तो भार पोलादी सांगाड्यावर घेतला. त्यामुळे खांब सडपातळ झाले आणि मधले दालन व दोन्ही फलाट एकाच नजरेत येऊ लागले. कमानींवरच्या चकाकत्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत. छतातल्या लंबगोल घुमटांत अलेक्सांद्र देइनेका यांची ३४ मोझेइक चित्रे आहेत. विषय एकच : सोव्हिएत आकाशातले चोवीस तास. मान वर केल्याशिवाय ती दिसतच नाहीत, म्हणून घाईतल्या प्रवाशाने निदान एका घुमटाखाली थांबावे. जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या असताना, ६ नोव्हेंबर १९४१ रोजी, क्रांतीच्या वर्धापनदिनाची सभा याच दालनात भरली. स्टालिन यांचे भाषण येथलेच.

— संपादक